जाऊबाईंचे पाय

आमच्या थोरल्या जाऊबाईंना देवानं पाय दिले, पण बूड टेकायची अक्कल द्यायला तो साफ विसरला. लग्न होऊन गुजरातेत, नवागामच्या खोलीत आल्यापासून मी त्यांना एका जागी बसलेलं पाहिलंच नव्हतं. जेवणसुद्धा उभ्यानं! हातात ताट, दारातल्या बायकांशी गप्पा आणि जाता जाता माझ्या भाजीत चिमूटभर मीठ. पांडेसऱ्याच्या कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायचं कामही उभ्याचंच. व्हायचं ते झालं. पोटऱ्यांवर निळ्या-जांभळ्या बारीक शिरांचं जाळं पसरलं, संध्याकाळी पायांची नुसती आग व्हायला लागली. जाऊबाईंना आगीचं काही नव्हतं. धास्ती एकच, श्रावणात कानबाई कोण घेणार? आम्हा खानदेशी लोकांच्या या देवीला डोक्यावर घेऊन तापीपर्यंत चालत न्यायचं, हा मान त्यांचा. दुसऱ्या कुणाला त्या हातही लावू द्यायच्या नाहीत.

म्हणून त्यांनी शिरांमध्ये इंजेक्शनं घेतली. डॉक्टर गुजराती, सज्जन माणूस. घट्ट पट्ट्या बांधून त्यांनी बजावलं, "बेन, रोज चालवानुं. ऊभा नहीं रहेवानुं." शेकायचं नाही, पायांवर ऊन घ्यायचं नाही. आधी काळंनिळं होईल, मग तपकिरी डाग राहतील, ते जायला काही महिने लागतील, घाबरू नका. यातलं 'महिने' तेवढं सोडून जाऊबाईंनी सगळं ऐकलं.

पट्ट्या सुटल्या आणि घरात आकांत! पाय पहिल्यापेक्षा वाईट, जागोजागी वांग्याच्या रंगाचे डाग. "जाळं गयं का वं? दख ना!" शेजारीण, दूधवाला, लाइटबिल वाटणारा, कुणाची सुटका नाही. एकीनं गरम विटेनं शेकायला सांगितलं, तर वीट स्टोव्हवर चढलीसुद्धा. मी ती उचलून मोरीत टाकली, तेव्हा माझ्याशी अबोला. अबोला म्हणजे माझ्याशी सोडून बाकी सगळ्या चाळीशी माझ्याबद्दल बोलणं.

'उभं राहायचं नाही' हे मात्र त्यांनी कोर्टाच्या हुकमासारखं पाळलं. रेशनच्या दुकानात पिशवी रांगेत ठेवून स्वतः रांगेभोवती फेऱ्या. त्यांच्याशी बोलायचं तर मागे पळावं लागे. आमचे भावजी कामावरून दमून यायचे आणि "अगं, चहा तरी हातात दे" म्हणत गल्लीच्या टोकापर्यंत त्यांच्या मागे जायचे.

कानबाईचा दिवस आला तरी डाग होतेच. "या पायेसवर कशी लेऊ वं मी कानबाई?" म्हणून सकाळी डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना? मग घ्या की! आणि काय सांगू, बाई जी सुटली! दर चौकात थांबून नाचायची आमची रीत, पण थांबायचं नाव नाही. बँडवाले धापा टाकत मागे, आरतीचं ताट त्यांच्याही मागे. आम्ही दोघीच सगळ्यांच्या आधी तापीवर पोचलो.

तिथं मात्र अडलं. आरती आल्याशिवाय देवीला निरोप देता येईना, आणि घाटावर एवढी घसरण की देवी डोक्यावर घेऊन फिरायची सोय नाही. जाऊबाई उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं मला त्यांच्या पोटऱ्या थरथरताना दिसल्या. दातओठ खाऊन त्या बँडची वाट बघत होत्या. देवी माझ्याकडे द्या म्हणायची माझी काय बिशाद! शेवटी त्याच म्हणाल्या, "ये वं. ले."

त्यांनी स्वतः माझ्या डोक्यावर चुंबळ बसवली, वर चौरंग ठेवला, देवीची नथ सारखी केली. चार पावलं लांब गेल्या, परत आल्या. रिकाम्या डोक्यावर पदर ओढून घेत म्हणाल्या, "डोकं हलकं व्हयनं का कसंतरीच वाटस वं." एरवी मी हसले असते. त्या दिवशी चौरंग दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मग बँड आला, ताट आलं. जाऊबाईंनी आरती म्हटली ती जपून पाय टाकत, देवीभोवती आणि माझ्याभोवती फिरत फिरत.