आजीच्या मशीनची खंडेनवमी

पप्पांचा फोन आला तेव्हा मी येरवड्याच्या ऑफिसात जेवायला बसले होते. ते नुसतं "ये" म्हणाले. मागे मशीनचा आवाज येत होता, नेहमीचाच, घरघर आणि मधूनच फुस्स... डब्याचं झाकण लावता लावता मी स्वतःला समजावलं, मशीन चालू आहे म्हणजे आजी आहे. वर्षभर आमचं घर याच एका समजुतीवर चाललं होतं. हडपसरपर्यंत स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. वर पोचले तर मशीन खरंच चालू होतं. आजीच्या नाकातली नळी जागेवर होती, नळीतून हवाही येत होती. ती घेणारी तेवढी गेली होती. शेजारच्या काकूंनी मला धरून खुर्चीत बसवलं.

आजी म्हणजे पप्पांची आई. हडपसर खेडं होतं तेव्हा लग्न होऊन तिथे आलेली. पुढे शेत गेलं, त्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर आम्ही राहायला आलो. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे घरात तिघंच. आजी पाहुण्यांना बाल्कनीतून खालचं पार्किंग दाखवायची, "हितं आमचा कांदा व्हायचा." देवाधर्माचं तिचं कडक होतं, पण ती देवाकडे मागायची काही नाही. नुसते आभार मानायची. तुळशीला पाणी घालताना, गॅस पेटला की, अंघोळीचं पाणी वेळेवर तापलं की, "बरं केलंस गं बया." माणसांचे आभार मानायची वेळ आली की मात्र तोंड शिवलेलं! पहिल्या पगारात मी तिला साडी आणली, तर उलटीसुलटी करून म्हणाली, "रंग जाईल हिचा." आणि मग झिजेपर्यंत तीच नेसली.

आश्विन लागला की या आभारांना उधाण यायचं. घट बसायचे, बाल्कनीत झेंडूची पोती यायची, आणि खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडली जायची. तिचा विळा, खुरपं, पप्पांचे पाने (ते कंपनीत फिटर होते), आणि मी नोकरीला लागल्यापासून माझा लॅपटॉप. नियम एकच. पूजेत मांडलेल्या वस्तूला दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. "वरीसभर राबत्यात. एक दीस इसावा नगं व्हय त्यास्नी?" मी दर वर्षी मॅनेजरला ताप आल्याचं कळवायची. खरं कारण सांगितलं असतं तर ताप त्यालाच आला असता.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिचा दम वाढला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं कडक झाली आहेत, जन्म चुलीच्या धुरात गेलाय, आता हे मागे फिरणार नाही. मग घरी ऑक्सिजनचं भाड्याचं मशीन आलं, चाकांवरचं, लहान कपाटाएवढं. त्याच्याबरोबर भीतीही मुक्कामाला आली. मी इतकी घाबरट आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. घरून काम करताना माझं एक टेबल तिच्या दाराशी असायचं. मीटिंगमध्ये बोलता बोलता माझं लक्ष तिच्या पदराकडे, तो वर-खाली होतोय ना. बोटाला लावायच्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा जरा उतरला की मी तो काढून पुन्हा लावायची. मशीनने 'पीं' केलं की मी नळी चाचपायची. खाली पार्किंगमध्ये कुणी गाडी मागे घेतली तरी तसाच आवाज व्हायचा आणि मी चहा सांडून धावायची. आजी निवांत. "मरान काय पीं करून येतंय व्हय गं?" म्हणायची आणि भेंडी चिरायला घ्यायची. तिला भीती वाटत नाही याचा मला आधार वाटायचा. कधी कधी रागही यायचा, की घाबरायचं सगळं काम या घरात मी एकटीनेच का करायचं?

या वर्षीची खंडेनवमी. सकाळी पाट मांडून झाला, पप्पांचे पाने लखलखत होते. आजी कॉटवरून बघत होती. म्हणाली, "मने, माज्या ह्या कपाटालाबी मांड."

मला वाटलं, हळदीकुंकू वाहायचंय. मी म्हटलं, मांडते की.

"आन् बंद कर."

"आजी, डोकं ठिकाणावर आहे का?"

"राबतंय ते. रात न्हाई, दीस न्हाई. इळ्याला इसावा आन् ह्येला न्हाई? म्हंजी ज्येच्या जिवावर जगायचं त्येलाच जुंपून ठिवायचं?"

मी म्हटलं, मग तोवर सिलेंडर लावू, वीज गेली तर असावा म्हणून तो कोपऱ्यात उभाच आहे. तर म्हणे, त्यो बी त्येचाच भाऊ. पप्पा आईपुढे आयुष्यात कधी बोलले नाहीत, ते तेव्हाही बोलले नाहीत. मी चिडले, रडले, डॉक्टरांची धमकी दिली. शेवटी तिनेच तोड काढली. अंघोळीपुरतं मशीन बंद ठेवायला डॉक्टरांची परवानगी होती. तेवढाच वेळ, पूजा होईपर्यंत. "आंगुळीला मरत न्हाई, मग पूजंला कशी मरीन?"

मी मशीन बंद केलं. खोली एवढी शांत झाली की खालच्या पार्किंगमधलं बोलणं ऐकू आलं. आजी कॉटवरून उतरली, जमिनीवर बसली आणि तिने त्या मशीनची पूजा मांडली. पुसून घेतलं, पाण्याचा हात फिरवला, ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली, समोरून ओढली, मागून ओढली, झेंडूची माळ घातली. प्रत्येक गोष्ट हळूहळू. मी चिमटा तिच्या बोटाला लावून बसले होते आणि आकडा उतरत होता. "आजी, बास." "थांब गं, निवद ऱ्हायलाय." ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा मी तिला उचलूनच कॉटवर बसवलं, नळी लावली आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं, घरघरलं, आणि 'पीं' करून ओरडायला लागलं. लाल दिवा. नळीतून हवाच येईना.

त्या मशीनला मागे जाळी असते, तिथून ते हवा आत ओढतं. त्याच जाळीवर आजीने भक्तिभावाने ओल्या हळदीचा लेप दिला होता! मी पुसायला गेले तर आणखीच आत गेला. मी किंचाळले, "पप्पा, सिलेंडर!" सिलेंडर उघडायला एक छोटा पाना लागतो. तो कॉटच्या उशाशी टांगलेला असायचा. तिथे नव्हता. पप्पांनी फिटरच्या सवयीने त्यालाही बाकीच्या पान्यांबरोबर घासून पाटावर मांडलं होतं, वर कुंकू, वर फूल.

पप्पा पाटाशी वाकले आणि थांबले. देवाशपथ, थांबले. पूजेतलं हत्यार उचलायचं नाही, हे त्यांच्या हातात इतकं मुरलेलं की हात पुढे जाईना. त्यांनी वळून आईकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. आजीला श्वास पुरत नव्हता. पण तिने तो सगळा गोळा केला आणि ओरडली, "उचल की मुडद्या!"

पप्पांनी पाना उचलला. फूल उडून माझ्या पायाशी पडलं. सिलेंडर खर्रकन उघडला, हवा आली. आकडा मात्र हलेना, हलेना... आजीने माझं मनगट पकडलं, नखं रुतली. तिचे डोळे मी तसे कधी पाहिले नव्हते.

"मने, हात सोडू नगंस. भ्या वाटतंय मला."

मी दुसराही हात तिच्या हातावर ठेवला. मग कळलं की ही बाई वर्षभर घाबरलेली होती, प्रत्येक 'पीं'ला, माझ्याइतकीच, आणि माझ्यासाठी भेंडी चिरत होती. आकडा सावकाश चढला. पप्पांनी जाळी धुऊन वाळवून बसवली. घरघर परत सुरू झाली तेव्हा आजीने मशीनला हात जोडले आणि आम्हा दोघांकडे न बघता म्हणाली, "लई केलंत." तिच्या तोंडून आम्हाला मिळालेले हे पहिले आभार.

त्या दिवसानंतर ती भीती बोलून दाखवायला लागली. दुपारी हाक यायची, "मने, वाईच बस. भ्या वाटतंय." मी एका हाताने तिचा हात धरायची, दुसऱ्याने टाइप करायची. चुका व्हायच्या. झाल्या तर झाल्या. माझी भीती काही कमी झाली नाही, पण दोघींची मिळून झाल्यावर ती जरा धरवत होती. कोजागरीला तिने चार घोट मसाला दूध घेतलं. पुढच्याच आठवड्यात ऑफिसातून यायलाच हवं असा निरोप आला. मी जात नव्हते, तिनेच पाठवलं. "जा की. बाळू हाय घरात." बाळू म्हणजे पप्पा.

आणि मग तो फोन.

दिवाळीत आमच्याकडे आकाशकंदील लागला नाही. मशीन ज्यांचं होतं ते घेऊन गेले. मला एकच गोष्ट आतून कुरतडत होती आणि ती विचारायची हिंमत होत नव्हती. शेवटी तिला भीती वाटली असेल, तेव्हा तिचा हात कुणी धरला? पप्पांनी? माझे पप्पा मायेने कुणाच्या पाठीवर हात ठेवतानाही अवघडतात. विचारलं आणि "मी स्वयंपाकघरात होतो" असं उत्तर आलं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणत मी रोजचा दिवस ढकलत होते.

परवा संध्याकाळी वीज गेली. मी बाल्कनीतून आणि पप्पा हॉलमधून, दोघंही धावत आजीच्या खोलीत. तिथे पोचलो आणि उभे राहिलो. कॉटवर गादी गुंडाळून ठेवलेली. कशासाठी धावलो होतो तेच दोघांना कळेना. पप्पा कॉटच्या काठावर बसले. त्या तशा अर्धवट उजेडात मला विचारता आलं.

"पप्पा, ती घाबरली होती का?"

त्यांनी गुंडाळलेली गादी जरा मागे सारली. मग म्हणाले, "हो. बाळू, भ्या वाटतंय म्हणाली. मी हात धरला. पुढं काय बोलावं सुचेना. म्हटलं, आये, मलाबी भ्या वाटतंय. तर म्हणाली, मग घट धर की."

"मग?"

"मग धरला. एकदम घट धरला." पप्पा आपल्या तळहाताकडे बघत होते. "तिनं कधी सोडला ते कळलंच नाही गं. मीच धरून बसलो होतो."