आठवी गाठ

पौषातली दुपार होती. पांढुर्ण्याच्या टेसनामागं आमचं घर, अंगणात कडुनिंब. त्याच्याखाली मी आणि माझी बायको गिरजा समोरासमोर बसलो होतो, मधात सूप. तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. मिळून केलेलं ते आमचं शेवटचं काम. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली, आणि चौथ्या दिवशी मी तिला जाम नदीच्या काठावर जाळून आलो.

शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, “आवो, एक फोटो राह्यला आहे अजून. इथंच काढा ना माहा. मी निंबाखाली उभी राह्यतो.”

मी म्हटलं, “शेंगा सोल.”

एवढंच. पुढं जे लिहितो त्याचं मूळ यातच आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

तुमच्या मासिकात लोक भुताखेताचं लिहून पाठवतात. शेजारचा मास्तर मला वाचून दाखवतो आणि मी शिव्या देतो. बत्तीस वर्षं मी रेल्वेत रूळ सांभाळले, शेवटची दहा वर्षं गँगचा मुकादम होतो. रुळावर कटलेली माणसं याच हातांनी गोळा केली, पाटीत भरली. त्यातला एकही ‘माझा पाय राहिला’ म्हणून परत आला नाही. तेव्हा मला भित्रा समजू नका... आणि कृपा करून शांतीचे उपायही कळवू नका. मी चौथी शिकलो. मास्तरनं ऱ्हस्वदीर्घ तेवढं सुधारलं आहे. मजकुराला हात लावशील तर तंगडी मोडीन, हे त्याला आधीच सांगितलं होतं.

आता कॅमेऱ्याचं. इंग्रज गेले त्या साली आमचा इंजिनिअर साहेबही गेला. गिरजा त्याच्या बंगल्यावर भांडीधुणी करायची. मेमसाहेबानं सामान बांधताना एक डब्बा कॅमेरा तिच्या हातात दिला. काळा, चौकोनी, पोह्याच्या डब्याएवढा. पोटाशी धरायचा, वरून भिंगात पाहायचं, बाजूचा खटका खाली ओढायचा — खट्! मग फिरकी पिळून रीळ पुढं घ्यायचं. एका रिळात आठ फोटो. मागं लाल काचेची टिकली असते, तिच्यात कितवा फोटो ते दिसतं. पण आकडे इंग्रजी, आणि गिरजाला मराठीसुद्धा येत नव्हते. म्हणून तिनं कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एक जाड दोरा बांधला. फोटो काढला, फिरकी पिळली, की दोऱ्याला एक गाठ. आठ गाठी झाल्या की रीळ संपलं. मग दोरा नवा.

वर्षाला एक रीळ. त्यात काय काढायची म्हणाल, तर काहीही! जामच्या पात्रात उलटलेली कापसाची बंडी. सौसरच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगावर झोपलेला कुत्रा. मोहगावच्या जत्रेत पाळण्यात बसून ओकणारा आमचा जवाई. मी तर किती वेळा — जेवताना, दाढी करताना, भांडताना. गावातल्या बाया म्हणायच्या, “गिरजाबाई, तुमचा फोटो कुठं आहे वो?” तर ही फोटोच्या खालच्या कडेवर बोट ठेवायची. ऊन पाठीवर घेऊन फोटो काढायचा, असं मेमसाहेबानं शिकवलं होतं. त्यामुळं प्रत्येक फोटोत हिची सावली लांब पडलेली. डोक्यावर पदर, दोन कोपरं बाहेर, रांजणाला कान असावेत तशी. “हे काय, मीच आहो ना,” म्हणायची.

दहा वर्षांत तिचा फोटो म्हणजे एवढाच. सावली. आता कळलं असेल मला काय पाहिजे होतं आणि माझ्याजवळ काय नव्हतं.

माझ्या डाव्या हाताची तीन बोटं रुळाच्या जोडाखाली गेली. डब्बा मला नीट धरता येत नाही. उजव्या हातानं धरून डावीकडून कोपरानं बरगडीशी दाबावा लागतो, आणि मग तो हलतो. सुरुवातीला एकदा तिचा काढून पाहिला. नुसता धूर आला, बाई नाही. ती पोट धरून हसली. मला ते लागलं. त्यानंतर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. हे तिला कधी सांगितलंही नाही. तिला वाटायचं, मला तिची पर्वा नाही.

मी रिटायर झालो त्या साली राज्यं नव्यानं मांडली. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. सगळं गाव त्यावर भांडत होतं आणि हिचं भलतंच. मेमसाहेबाच्या भिंतीवर तिनं कधी तरी वाळवंटाचं चित्र पाहिलं होतं. “जामच्या वाळूवाणीच वाळू, पण दुसरा काठच नाई म्हणते! असं असते का कुठं? मले पाह्यचं आहे.” रेल्वेचा पास होता. दिवाळी झाल्यावर निघालो. चार गाड्या बदलल्या आणि बिकानेरच्या पुढं एका टेसनावर उतरलो. आजूबाजूला वाळू, दुसरं काही नाही.

दोन दिवस ती लेकरासारखी हिंडली. हातात वहाणा, डोक्यावर पदर. वाळूवर वाऱ्यानं पाडलेल्या वळ्या काढल्या. उंट काढला, त्याच्या मालकाशी मराठीत भांडून. आमच्याच पावलांची रांग काढली. मी वाळूत बसून भाकरी खातो ते काढलं. सात झाले. सातवी गाठ मारून ती माझ्यासमोर डब्बा घेऊन आली.

“आता माहा एक. ऊन पाठीवर घ्या, खटका ओढा, झालं.”

“नाही जमत.”

“हललं तं हलू द्या ना बाप्पा. इथं कोण येते पुन्हा?”

“तुझं थोबाड घरी रोज पाहतो. त्याच्यासाठी एवढ्या दूर वाळू खात आलो का?”

ती कपाळावर हात आडवा धरून माझ्याकडं पाहत राहिली. मी उठलो, धोतर झटकलं आणि टेसनाकडं चालू लागलो. मागं वळून पाहिलं नाही. हे मला नीट आठवतं. माझं वय झालं असेल, पण ते वाक्य आणि ती पाठ फिरवणं मी विसरलो नाही. विसरणारही नाही.

आठवा फोटो वाया घालवायचा नाही म्हणून तिनं रीळ तसंच ठेवलं. मग तो पौष आला.

तेराव्या दिवशी जवाई कॅमेरा मागायला लागला. सौसरला कचेरीत कारकून आहे, स्वतःला फार शहाणा समजतो.

“मामाजी, तुमाले काय कामाचा हा? सात झाले दिसतात.” त्यानं सगळ्यांसमोर गाठी मोजल्या. “...पाच, सहा, सात. एक खाली आहे. नातवाचा काढून टाकतो.”

“ठेव खाली.”

“आवो, मी तं—”

“ठेव म्हटलं ना!”

कॅमेरा ट्रंकेत घातला, कुलूप लावलं, किल्ली लेकीकडून करगोट्याला बांधून घेतली. तेव्हापासून ती किल्ली माझ्या अंगावेगळी झाली नाही. आंघोळीलासुद्धा नाही.

फाल्गुन उतरला तेव्हाची गोष्ट. भर दुपार, बारा-साडेबारा. घरात मी एकटा, ताटावर बसलेलो. ट्रंकेतून आवाज आला... खट्.

दहा वर्षं ऐकलेला आवाज मी ओळखणार नाही? आणि त्याच्यामागून फिरकी — कर्र, कर्र. आणि थांबली.

मी उंदराला आईवरून शिवी हासडली. हातातला घास ताटात टाकला, कुलूप काढलं. उंदीर नव्हता, लेंडी नव्हती, कपड्यांची घडी मोडलेली नव्हती. कॅमेरा ठेवला तसाच. गाठी मोजल्या नाहीत... का मोजाव्या? ट्रंकेच्या तळाला वाळूचे थोडे कण होते, पण ते तिच्या लुगड्यातून आलेले असू शकतात. ते मी पुरावा म्हणून सांगत नाही. ट्रंकेला लाथ घातली. अंगठा सुजला, तो आठ दिवस दुखला.

त्यानंतर घरात बसवेना. वैशाखात रीळ घेऊन नागपूरला गेलो. धंतोलीच्या बाजूला एका स्टुडिओत दिलं.

“सात आहेत,” मी सांगितलं. “आठवा कोरा आहे, त्याचे पैसे लावू नको.”

“कुठले तुमी?”

“पांढुर्णा.”

“म्हणजे परराज्यातले!” तो हसला. मी हसलो नाही.

पंधरा दिवसांनी गेलो तर त्यानं पाकीट माझ्यापुढं सरकवलं. “आठही निघाले, बाबाजी. आजीचा तं झकास आला. पण तुमी आपली सावली मधात आणली.”

“कोणत्या आजीचा?”

“आता मले का माहीत? तुमचीच असन ना!”

मी त्याची गचांडी धरली. दुसऱ्या कोणाचा फोटो माझ्या पाकिटात घातला, म्हणून. दुकानातली माणसं मधात पडली. त्या बिचाऱ्यानं काचेवर निगेटिव्ह पसरलं. एकच अखंड पट्टी होती, मधात जोड नाही. वळ्या, उंट, पावलं, भाकरी... आणि आठवी ती.

वाळूवर उभी. हातात वहाणा. कपाळावर आडवा हात. चेहरा एकदम साफ, नाकातला खडाही दिसावा इतका. हसत नव्हती. मी पाठ फिरवली तेव्हा जशी पाहत होती, तशीच पाहत होती.

आणि तिच्या पायांपर्यंत आलेली सावली. डोक्यावर फेटा. उजवं कोपर बाहेर. डावं बरगडीशी दाबलेलं.

पांढुर्ण्याला पोचलो तर ओसरीत जवाई बसलेला, लेकीनं माझी खबर घ्यायला धाडला होता. मी फोटो त्याच्यासमोर फेकला. त्यानं पाहिला आणि त्याला फारच आनंद झाला.

“मंग! काढला होता ना तुमी! उगाच जिवाले लावून घेतलं. वयानं विसरले, मामाजी.”

“गाठी मोज.”

“आता गाठी काऊन...”

“मोज!”

ट्रंकेतून कॅमेरा काढून मी त्याच्या मांडीवर ठेवला. दोरा त्यानं बोटांखालून नेला. सातपर्यंत मोठ्यानं मोजलं. मग थांबला. आठवी गाठ बाकीच्यांसारखीच होती, बारीक, घट्ट, उलटा वेढा घेतलेली. ती तशीच मारायची, पाटीच्या शिंकाळ्याला मारतात तशी.

“तुमीच मारली असन मागून...”

मी डावा हात त्याच्या नाकासमोर धरला. अंगठा आणि करंगळी. धोतराची गाठ मला लेक येते तेव्हा बांधून देते, नाही तर मी नुसतं खोचतो, हे त्याला माहीत आहे. त्यानं कॅमेरा खाली ठेवला. हळूच म्हणाला, “एखादी पूजा घालून टाका. सासूबाईनं तुमाले माफ केलं, असं समजा.”

मी त्याला त्याच पावली हाकलला. पुढची गाडी दोन तासांनी होती. बसला असेल टेसनावर.

माफ केलं म्हणे! मी काढला नाही तो फोटो. कोणी माझ्या नावावर लावला असेल तर तिनं की आणखी कोणी, मला ठाऊक नाही. मला तिचा एक फोटो पाहिजे होता, तो मिळाला. पण तो पाहिला की लोक म्हणतात तू काढलास, आणि माझं मन म्हणतं नाही. या दोन्हीत मी सापडलो आहे. मास्तर म्हणतो रिळावर कधी कधी एकावर एक फोटो चढतो. चढत असेल. मग सावली कशी चढली? गाठ कशी चढली? मला अजूनही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर लिहा, पण माफीबिफीचं लिहू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन जरा वर आल्यावर मी कॅमेरा घेऊन जामच्या पात्रात उतरलो. पाणी कुठंच नव्हतं, नुसती वाळू. ऊन पाठीवर घेतलं. डब्बा उजव्या हातात धरला, डावीकडून बरगडीशी दाबला. समोर सावली पडली. फेटा, एक कोपर बाहेर, एक आत. फोटोतली तीच. तिच्या टोकाला वाळू मोकळी होती.

“उभी राह्य,” मी म्हटलं. “काढतो.”

डब्बा हलत होता. हलू दिला. रीळ नव्हतं, तरी खटका ओढला, फिरकी पिळली. मग वाळूत बसलो आणि दोऱ्याचं टोक दातांत धरून गाठ मारायला लागलो. दुपारपर्यंत लागली. सैल आहे, पण सुटत नाही.