सव्वा मणाची गादी

वाशीमच्या आमच्या दवाखान्यात चार माणसं चहाला बसली, की डॉक्टरसाहेबांच्या मोटारसायकलचा किस्सा निघतोच. एक संपायच्या आत दुसरा तयार असतो.

महायुद्ध संपल्यावर लष्करी लिलावात त्यांनी ती घेतली. मी नागपूरहून नुकताच बी.ए. होऊन आलो होतो. खेड्याखेड्यात औषध पोचलंच पाहिजे, आणि आजच, या हट्टानं त्यांच्या हाताखाली राबत होतो.

*

गाडीला मागे स्प्रिंगा फक्त सीटखाली, त्याही दांडग्या सोजिराच्या वजनाच्या. आमचे डॉक्टर काडीपैलवान. स्प्रिंगा दबतच नसत. प्रत्येक खड्ड्यात डॉक्टर उडत, पेटी उडे, बाटल्या फुटत.

"विकून टाका ही," मी वैतागून म्हणालो.

"अन् रोग काय बैलगाडीची वाट पाहून राह्यला?"

*

स्प्रिंगा बदलायच्या तर वजन कळायला हवं. डॉक्टर सरळ कापसाच्या काट्यावर जाऊन बसले. भरले सव्वा मण. अडत्यानं सवयीनं त्यांचा दंड दाबून पाहिला.

"माल कोरडा हाय साहेब, पण रुई कमी."

*

मनासारख्या स्प्रिंगा मिळेपर्यंत, होत्या त्याच दबाव्यात म्हणून, डॉक्टरांनी सीटला जात्याची एक तळी लटकावली. मेडशीच्या एका म्हातारीनं ती पाहिली.

"काहून डॉक्टर, आता दयन बी करून देता काय?"

"आधी दवा घे बुढे, मंग दयन."

*

शेवटी एका मोडक्या टांग्याच्या गादीतल्या मऊ स्प्रिंगा त्यांनी स्वतः काढून बसवल्या. आता खड्डा आला, की डॉक्टर नुसती मान डोलवत.

*

मग शिरपुरात पटकीची साथ आली. सलाईनच्या काचेच्या बाटल्या न्यायच्या होत्या. टांग्यानं संध्याकाळ झाली असती, तोवर किती माणसं गेली असती कोण जाणे. मी घाईनं पेटी मागच्या लोखंडी कॅरिअरवर बांधू लागलो. डॉक्टरांनी हात धरला आणि पेटी काट्यावर नेली. कमी भरली. बुडाला जात्याची तळी बांधली, तेव्हा काटा सव्वा मणावर आला.

"गादी माह्या वजनाची हाय बापू. माह्या जागी हे बसन."

पेटी सीटवर बांधून डॉक्टर पावदानांवर उभे राहिले आणि तसेच निघाले.

संध्याकाळी मी टांग्यानं पोचलो. एकही बाटली फुटली नव्हती. ओसरीत रांगेनं रोगी निजवलेले, सलाईन चालू, डॉक्टर अजून उभेच. पाटलांनी खुर्ची आणली.

"बसा साहेब, सकायपासून उभे हा तुमी."

डॉक्टरांनी खुर्ची हातानं दाबून पाहिली आणि उरलेल्या बाटल्या तिच्यावर ठेवल्या.

"आधी बाटल्यायले बसू द्या."