वाडीतल्या फळ्यावर एक मे

नंदुरबारहून सुरत आणि सुरतेहून बडोदे, असा तो माझा पहिलाच एकट्याचा प्रवास. घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि कॉलेजाने परगावच्या वक्तृत्व स्पर्धेला धाडलेलाही पहिलाच. एक मेला बडोद्याच्या एका मराठी मंडळात बोलायचे होते. भाषण सरांनी लिहून दिले होते. मी फक्त पाठ करायचे. पाठ नसलेले चार माणसांत बोलणे मला जमतच नसे. म्हणून भरूचला नर्मदेचा पूल आला तरी मी खिडकीशी ओठ हलवत होतो. मी जप करतो आहे असे समजून समोरच्या बाई पाय आवरून बसल्या.

उतरायची सोय मंडळाने वाडी या बडोद्याच्या जुन्या भागात, शिर्केकाकांकडे केली होती. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, काका स्वतः विमा कचेरीत. त्यांच्या पोळेच्या (एकाच तोंडाच्या जुन्या गल्लीच्या) दाराशी एक फळा होता. डाव्या अर्ध्यात काका रोज इतिहासातले दिनविशेष लिहीत. उजव्या अर्ध्यात त्यांची मुलगी केतकी सिनेमातले लिही: कुणाचा वाढदिवस, कुठल्या चित्रपटाला पंचवीस वर्षे. मी पोचलो तेव्हा दोघांच्या हातात खडू आणि भांडण जोरात.

“बाबा, तो सिनेमावाला आहे. त्याची जयंती माझ्या बाजूला.”

“माणूस जुना झाला की इतिहासात येतो.”

“मग तुमचंही नाव डावीकडे लिहू?”

“अगं, पाहुणा उभा आहे,” आतून काकू आल्या. “आव, बेस (ये, बस).”

सकाळी काकूंपुढे तालीम केली. “आज आपल्या राज्याचा वाढदिवस!” मी हात उंचावून म्हणालो.

“कुठल्या रे?” काकूंनी विचारले.

काकांनी मला फळ्यापाशी नेले. डावीकडे गुजराती अक्षरांत गुजरात दिन, उजवीकडे मराठीत महाराष्ट्र दिन. दोन्ही राज्ये एकाच दिवशी झाली, हे मी शाळेतच शिकलो होतो. पण भाषण मात्र एकाच राज्याचे घेऊन आलो होतो.

“वर्षातून एकदा आमच्या सिनेमाला सुट्टी,” केतकी कुरकुरली. “पुढे काय आहे भाषणात?”

“इथून सह्याद्रीकडे पाहताना...”

“थांब, गच्चीवर जाऊन बघते दिसतो का!”

मला घाम फुटला. त्यात नाश्त्याला शेव-उसळ आली, वर लालभडक तरी. दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून पाणी.

“तिखट तुमच्या नंदुरबारचंच आहे हं,” काकू म्हणाल्या.

“माझी आई तिथे मिरचीचे देठ खुडते,” मी बोलून गेलो. कॉलेजात हे कुणाला माहीत नव्हते.

“मग हेच सांग की तिकडे. चालो, मोडं (उशीर) होईल!”

मंचावर उभा राहिलो आणि सरांचे पहिले वाक्य तोंडाशी येऊन अडले. समोर काकू पदराने वारा घेत होत्या. मी म्हणालो, “माझी आई ज्या मिरचीचे देठ खुडते, ती मी आज सकाळी वाडीत खाल्ली. तोंड अजून पोळतंय.” सभागृह हसले. पुढे काय बोललो ते नीट आठवत नाही; घंटा वाजली तेव्हा मी बोलतच होतो.

नंबर आला नाही. दुसऱ्या दिवशी निघताना फळ्याच्या उजव्या अर्ध्यात केतकीचे अक्षर होते: ‘काल नंदुरबारच्या पाहुण्याने पाठ न केलेले पहिले भाषण केले.’

“हे सिनेमात कसं?” काका म्हणाले.

“हिरो रडला ना, उसळ खाताना!”

घरी पोचलो तेव्हा आई ओट्यावर बसून हातांची आग शमवायला तेल चोळत होती.

“कशावर बोललास?”

“तुझ्यावर. मिरचीवर.”

“एवढ्यासाठी बडोद्याला धाडलं होय?” ती हसली. मग हात तसेच ठेवून म्हणाली, “लोक हसले का रे?”

“आधी हसले. मग ऐकत राहिले.”

तिने तेलाची वाटी बाजूला सारली. “बोल मग. मीपण ऐकते.”

मी उभा राहिलो. पाठ काहीच नव्हते.