नंदाबाई हसली तिथं

राजेश्वरीबाईंचं नाव लोणावळ्यातल्या एका चौकाला देणार म्हणे. द्या बापडे! हयात होत्या तेव्हा सख्ख्या भावानं त्यांचं तोंड बघितलं नाही. जहागीरदाराची लेक, नवऱ्याला सोडून डोंगरातल्या बंगल्यात एकटी राहिली, चारचौघांत सिगारेट ओढली, आणि वर आपल्याच खानदानातल्या मंडळींची लफडी नावानिशी पुस्तकात छापली. कोर्टकज्जे झाले, फाटकावर शेण पडलं. आता बाई गेल्यावर त्याच भावाची नात अपूर्वा बंगल्याचं स्मारक करते आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

पण बाईंचं कौतुक करायला माणसं पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते नंदाबाईचं.

नंदाबाई तिकोणा पेठेची. विशीतच नवरा गेला, पंचविशीत ती बाईंकडे स्वयंपाकाला लागली आणि बंगल्यावरच राहिली. अक्षराशी गाठ नाही. पण बाईंची एक रीत होती. सकाळी लिहिलेलं दुपारी नंदाबाईला वाचून दाखवायचं. ती पावटे सोलत ऐकायची. ती हसली की बाई तिथं तांबड्या पेन्सिलीनं खूण करायच्या. ती गप्प राहिली की पान टराटरा फाडायच्या. पुण्यातले विद्वान बाईंच्या विनोदावर पानंच्या पानं लिहीत. त्यांना काय ठाऊक, तो विनोद आधी स्वयंपाकघरात पास झालेला असायचा!

एका वर्षी पावसाळाभर बाईंना ओळ सुचेना. जेवण सोडलं, खिडकीतल्या धुक्याकडं बघत बसायच्या. नंदाबाईचा जीव तुटायचा. त्यांना हसवावं म्हणून एका दुपारी तिनं आपल्या धाकट्या बहिणीची गोष्ट काढली. भामाबाई वराळ्याला दिलेली. लग्नानंतर वर्षभरात माहेरी आली होती, तेव्हा धरणाच्या कामावरच्या एका मुकादमाशी तिचं जमलं. सासरी परतली ती पोटुशी होऊनच. पोरगं झालं, सोपान. सासूनं नातवाचं नाक अगदी आपल्या लेकावर गेलंय म्हणून साखर वाटली! हे सांगताना नंदाबाई नकला करत होती, सासूसारखं नाक उडवत होती. कितीतरी दिवसांनी बाई पोट धरून हसल्या.

"लिहू का गं हे?" त्यांनी विचारलं.

"लिवा की. आमच्यात कोन वाचतंय?"

झालं. बाईंनी नावं बदलली, गाव बदललं. सोपानच्या डाव्या पायाला सहा बोटं होती, ती मात्र तशीच ठेवली. आणि ज्यांच्यात कोणी वाचत नव्हतं, त्यांच्यातला सोपान तोवर तळेगावच्या कॉलेजात जायला लागला होता. वाचनालयातलं ते पुस्तक त्यानं घरी आणलं, बापाच्या देखत ते प्रकरण वाचून दाखवलं आणि पुस्तक आईपुढं टाकलं. दुसऱ्या दिवशी तो घर सोडून गेला. सुरतेला असतो म्हणतात. खरंखोटं देव जाणे. बाप मरेपर्यंत बायकोशी एक शब्द बोलला नाही.

नंदाबाई धावत वराळ्याला गेली. "आई भवानीची आन, म्या न्हाई सांगितलं! त्या बाईनंच कुटनं तरी काढलं आसंल." भामाबाईनं तिच्या तोंडावर दार लावलं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. दर जत्रेला नंदाबाई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन जाते, दारात ठेवते, आणि भामाबाईच्या पुतण्याच्या हातून डबा तसाच परत येतो.

आता तिचं वय पंचाहत्तर. मरायच्या आधी एकदा भामीच्या घरात बसून चहा प्यायचा, एवढाच तिचा ध्यास. बाईंची पुस्तकं पुन्हा छापणार असं कानावर आलं, आणि तिला वाटलं, तेवढं प्रकरण गाळलं तर भामी दार उघडेल. तिनं अपूर्वाला गाठलं.

अपूर्वा बिचारी गोड पोरगी. खुर्ची दिली, शाल द्यायची आहे म्हणाली. मग म्हणाली, "आजी, ते कसं काढणार? तेच तर लोकांना सगळ्यात आवडतं."

नंदाबाई म्हणाली, "तेवढं मला वाचून दाखव. बाईनं बाकी समदं दाखवलं, त्येच न्हाई दाखवलं."

अपूर्वा वाचू लागली. नंदाबाईला वाटलं होतं, बाईंनी तिखटमीठ लावलं असेल, पदरचं काही घातलं असेल. नावं सोडली तर एक शब्द परका नव्हता! सासूचं नाक, साखर, सगळं तिच्याच तोंडचं, तिच्याच ठेक्यात. अपूर्वा वाचता वाचता खुदकन हसली, आणि नेमक्या त्याच ठिकाणी, जिथं त्या दुपारी नंदाबाई स्वतः हसली होती. बहिणीचं गुपित तिनं चुकून सांगितलं नव्हतं, रंगवून रंगवून सांगितलं होतं. शाल न घेताच ती उठली.

एसटीनं तळेगाव, तिथून रिक्षानं वराळे. चहूबाजूंनी टोलेजंग इमारती झाल्यात, मधे भामाबाईचं घर तेवढं बसकं. ती ओसरीवर मेथी निवडत होती. या वेळी नंदाबाईच्या हातात डबा नव्हता. ती पायरीवर टेकली.

"भामे, बाईनं कुटनं काढलं न्हाई. म्याच सांगितलं. हसत सांगितलं. आनि भवानीची खोटी आन घेतली."

भामाबाईचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय मला."

"कुनी सांगितलं?"

"कोन सांगंल?" तीस वर्षांत पहिल्यांदा भामाबाईनं तिच्याकडं बघितलं. "आगं, तुझ्याबिगर म्या त्ये कुनालाच बोलले नव्हते. आईलाबी न्हाई."