शेठजींचा यूपीएस

मी पत्रकं वाचत वाढले आणि आता लिहिते. त्या दुपारचं पत्रक मिरची निवडणाऱ्या बायांसाठी होतं. बाजारात व्यापाऱ्यांनी त्यांच्या डोक्यावर सावली करावी, एवढीच मागणी. दुसऱ्या दिवशी साक्रीच्या आठवडी बाजारात ते वाटायचं होतं, आणि तिथल्या छापखान्याला तयार फाइल संध्याकाळच्या आत हवी होती.

देवपूरला अक्कांच्या टायपिंगच्या दुकानात काम संपत आलं आणि वीज गेली. यूपीएसवर संगणक चालू राहिला. मजकूर ऐकायला आलेल्या मिरची निवडणाऱ्या दोघी बाया घामानं निथळत होत्या. अक्कांना राहवलं नाही. त्यांनी छोट्या कूलरची पिनही यूपीएसलाच लावली. गार वारा आला, यूपीएस केकाटला आणि पडदा काळा झाला. फाइल सेव्ह केलेली नव्हती.

"बठ्ठं गयं का?" सगळंच गेलं का, असं एकीनं विचारलं.

अक्कांना बोल तरी कसा लावायचा? पत्रकात आम्ही मागत होतो तेच त्यांनी केलं होतं: बायांना थोडा गारवा.

शेजारी, साक्रीच्या बाजारातही बसणाऱ्या मिरचीच्या व्यापाऱ्याचं दुकान. शेठजी डोकावले, ऐकलं आणि आपल्या बिलाच्या संगणकाचा यूपीएस उचलून घेऊन आले.

"आणि तुमची बिलं?"

"हात आहेत ना. फक्त कूलर लावू नका, अक्का."

मी कागदावरून पुन्हा वाचू लागले, अक्का टाइप करू लागल्या. 'मिरचीच्या पोत्यांना सावली, मिरची निवडणाऱ्या बाईला ऊन' या ओळीशी अक्कांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेठजींकडे. ओळ काढणं मला शक्य नव्हतं. मी ती पुन्हा वाचली.

"आमच्यासाठीच ना हे?" शेठजींनी विचारलं.

"हो, शेठजी."

"मग अक्षर मोठं घ्या. आमच्यातले निम्मे चष्मा विसरून येतात."

यूपीएस पुन्हा ओरडायच्या आत फाइल मोबाइलवरून साक्रीला गेली, त्या ओळीसकट. मी आभार मानले, तेव्हा शेठजी वायर गुंडाळत म्हणाले, "सावलीचं बघतो. कबूल करत नाही, बघतो म्हणालो."

ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचेच आभार कसे मानायचे, हे कुठल्याच पत्रकानं मला शिकवलं नव्हतं. मी यूपीएसची दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून तो त्यांच्या दुकानात नेऊन ठेवला.