बबनदादांचं पातेलं

भुकूमच्या गॅरेजवाल्या बबनदादांकडे गाडी नेली की ते आधी स्टूल पुढे सरकवायचे. बसायचं आणि बघायचं. मी कितीही घाईत असले तरी सुटका नसे. "बाई, म्या सांगनार आन तुमी मान डोलावनार, त्याचा काय उपेग? सोताच्या डोळ्यानं बघा," म्हणायचे.

पौडच्या पुढे डोंगरातल्या वाडीवर माझी शाळा. एसटी तिथवर जात नाही, त्यामुळे जुनी गाडी हाच आधार. एकदा सकाळी गाडी सुरू केली आणि तापमानाचा काटा थेट लाल रेघेवर. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं इंजिन उघडावं लागेल म्हणून माझी झोपच उडवली. गाडी गेली की शाळा सोडून बदली मागायची, दुसरं काय! अगदी रडकुंडीला येऊन मी संध्याकाळी गाडी दादांकडे सोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले.

त्यांनी नुसती चावी फिरवून काटा पाहिला आणि बंद इंजिनावर हात ठेवला. "रातभर हुबी गाडी, गार दगड. आन काटा म्हनतो जाळ लागलाय. कुनीतरी थापा मारतंय बगा." इंजिनाचा ताप मोजणारा अंगठ्याएवढा सेन्सर काढून त्यांनी त्याला विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरच्या तारा लावल्या, त्याचं टोक पातेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि खाली स्टोव्ह पेटवला. पाणी तापेल तसा मीटरवरचा आकडा उतरायला हवा, एवढंच सांगितलं. पाणी उकळलं, आकडा ढिम्म. मग गार पाणी घेऊन नवा सेन्सर बुडवला, तर आकडा सरसर खाली येऊ लागला.

"पटलं?" त्यांनी विचारलं.

आतून सुमनवहिनी कडाडल्या, "माज्या दुधाच्या पातेल्यात पुन्हा घातलं का ते?"

"धुऊन देतो की," दादा म्हणाले. धुवायचे कसले! त्या घरच्या चहाला कायम ऑईलचा वास यायचा आणि मी तो गुपचूप प्यायचे. माझी शाळा मात्र वाचली.

गेल्या वर्षी दादांचा खोकला हटेना. छातीचा फोटो काढला. मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी मला दारातच धरलं. "डाक्टरनं आशा न्हाई म्हनून सांगितलंय. तुमी साधी सूज हाय म्हना. तुमचं ऐकत्यात ते." मी हो म्हटलं. मलाही तेच म्हणायचं होतं, कारण मला तो माणूस जगायला हवा होता.

खाटेवरून दादांनी पायानं स्टूल सरकवलं. "बसा. सुमीनं फोटू कपाटात ठिवलाय. तुमाला काय सांगाया धाडलंय?"

त्या स्टुलावर बसून मला खोटं बोलवेना. मी वहिनींकडून फोटो मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

दादा कोपरावर उठले. "ही चांगली बाजू?"

"हो."

"आन ही?"

मी त्यांचं बोट धरून त्या पांढऱ्या डागावर टेकवलं. त्यांनी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या, अगदी सावकाश. वहिनी पदरात तोंड घालून रडत होत्या.

"व्हय, दिसलं," दादा म्हणाले. "ह्यो पार्ट नवा मिळत न्हाई, बाई."

मग उशीला टेकून त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"सुमे, रडू नगं. बाईंना च्या टाक. पातेलं आता तुजंच हाय."